बेंजो पार्टीचे टी-शर्ट, ठाण्यातून

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकान चालवणाऱ्या ताईंनीच बजावलंय, "दादा, लिहायचं ते लिहा, पण मे महिन्यात नाव नका टाकू, आत्ताच इथे पाय ठेवायला जागा नाही." तेव्हा खूण एवढीच: ठाणे पश्चिम, जांभळी नाक्याच्या बाजारातली मागची गल्ली, खाली भांड्यांचं दुकान, त्याच्या कडेने अरुंद लाकडी जिना, आणि वर टी-शर्टची छपाई-शिलाई. बेंजो पार्ट्या (बेंजो हे बटणांचं तारवाद्य, त्याच्यासोबत ढोल आणि पॅड घेऊन हळदीत वाजवणारे आमच्यासारखे ताफे), ढोलपथकं, गोविंदा पथकं आणि क्रिकेटच्या टीम यांचे कपडे तिथे होतात. ज्याला गरज आहे त्याला सापडेल.

मी ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. राहणार घणसोली गाव. दिवसा तुर्भ्याला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये हिशेब लिहितो आणि एप्रिल-मे आला की संध्याकाळी हळदी. ज्यांनी आगरी-कोळ्यांची हळद पाहिली नाही त्यांना थोडक्यात सांगायचं तर आमच्याकडे लग्नाला उशिरा पोचलात तर चालतं, हळदीला नाही. आधी धवलारीण धवले म्हणते, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी, ते ऐकायला घरातल्या बायका असतात. मग बेंजो सुरू झाला की अख्खं गाव.

आणि हा बेंजो आता दहाच्या काट्यावर चालतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या ज्या १५ दिवसांना बारापर्यंतची सूट मिळू शकते ती सणावारात जाते, मे महिन्यातल्या हळदीच्या वाट्याला येत नाही. पूर्वी नऊला सुरू होऊन पहाटेपर्यंत वाजायचं, असं आमचे बेंजोवाले काका सांगतात. आता पावणेदहाला पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते, म्हणून यजमान आम्हाला साडेपाचलाच उभं करतात. मे महिन्यातलं साडेपाच म्हणजे अजून ऊनच. खाडीची दमट हवा, मांडवाचं कापड तापलेलं, हॅलोजन आधीच लागलेले. घाम येतो, पण सुकत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हापासून वाजवायला निघालो की आमच्या घरचे पाण्याची बाटली मोजून हातात देतात.

तर वाजवणाऱ्याचा शर्ट हा विषय या वेळेतून आला आहे. रात्री अकराच्या वाऱ्यात कुठलाही शर्ट चालायचा, साडेपाचला चालत नाही. पण हे शर्ट ठरवणाऱ्यांना कळेल तर शपथ. शर्ट ठरवतो आमचा लीडर, आणि लीडर ठरवतो मोबाइल बघून.

गेल्या काही वर्षांत आम्ही काय काय घातलं ते सांगतो. सुरुवातीला पांढरा कुर्ता. हळदीत पांढरा कुर्ता घालायचं ज्याच्या डोक्यात आलं त्याने कधी कपडे धुतले नसणार. करवल्या वाजवणाऱ्यांनाही हळद फासतात आणि हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो. मग तो कुर्ता दिवसभर उन्हात वाळत घाला, तेव्हा कुठे फिका पडतो. २०१६ मध्ये रितेश देशमुखचा बेंजोवाल्यावरचा सिनेमा आला, त्या वर्षी सगळ्या पार्ट्यांमध्ये केस वाढले आणि काळी जॅकेटं आली. जॅकेट! ऑक्टोबरच्या उकाड्यात! एका हळदीत आमचा कच्छीवाला, म्हणजे कच्छी ढोल वाजवणारा, दुसऱ्या तासाला ते काढून साध्या बनियनवर वाजवायला लागला आणि यजमानांच्या अल्बममध्ये तो बनियन कायमचा राहिला.

त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी 'सैराट' आला होता. त्यातला सिम्फनीचा भाग अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत रेकॉर्ड केला होता, आणि लग्नसराई संपायच्या आत तो सगळा काकांच्या बेंजोच्या तारांवर उतरला होता. हे वाद्यच तसं आहे. १९१२ साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून ते काढलं. तिथून ते इकडे आलं, त्याला पिकअप लागला, अॅम्प्लिफायर लागला, आणि आता तिकडचं कोणी ऐकेल तर ओळखणार नाही. माझ्या पॅडचंही तेच. रोलँडने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला तो ड्रमवाल्यांसाठी. त्यात संबळ आणि हलगी भरून तो घणसोलीच्या गल्लीत वाजेल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

२०२४ च्या फेब्रुवारीत संजू राठोडचं गुलाबी साडीवरचं गाणं आलं. त्या उन्हाळ्यात हळदीचा पिवळा रंग मागे पडला, करवल्यांची अख्खी रांग गुलाबी. लीडरला आमचे टी-शर्टही गुलाबी हवे होते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मना नको यो गुलाबी. मना माझी बंडी द्या." काका तरुणपणी कोळीगीतांच्या कार्यक्रमात सुरका (कोळ्यांचं कमरेचं वस्त्र), बंडी आणि टोपी घालून वाजवायचे, वेसावकर आणि मंडळींच्या कॅसेटी घराघरात वाजायच्या तेव्हाची गोष्ट. बंडीला बाह्या नाहीत, पुढून उघडी, वारा येतो जातो. या सगळ्या चर्चेत कपड्याचा विचार शरीराच्या बाजूने करणारे ते एकटेच होते, पण त्यांचं ऐकतं कोण.

आता तर रील आली आहे. तिचा कपड्यांवर परिणाम झाला त्याआधी गाण्यांवर झाला. पूर्ण गाणं कोणी मागत नाही. मुखड्याची तेवढी ओळ, जी मोबाइलवर चालू आहे ती, तीनदा वाजवा आणि पुढच्यावर जा. अंतरा आला की नवरीच्या मैत्रिणी थांबतात आणि आमच्याकडे बघतात, बिघाड झालाय का म्हणून. काकांना अंतऱ्यात मुरकी घ्यायची हौस, ती आता पावणेदहानंतर, वायरी गुंडाळताना भागवतात. मला स्वतःला हे मुखड्यांचं कडबोळं फारसं आवडत नाही. पण हेही खरं की पूर्वी ज्या हळदीत चाळीस माणसं नाचायची तिथे आता आज्जीपण नाचतात, कारण ती एक ओळ त्यांनाही पाठ असते.

कपड्यांचं असं झालं की पूर्वी पार्टीचं नाव छातीवर असायचं, मग पाठीवर गेलं, कारण नवरीची एंट्री आमच्या मागून शूट होते. आता ड्रोन आला, तर लीडरचं म्हणणं नाव खांद्यांवर पाहिजे, वरून दिसेल असं. २०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले, तर त्या उन्हाळ्यात यजमान पाहुण्यांना चमकणारे मनगटपट्टे वाटायला लागले. लीडरने लगेच काळे टी-शर्ट आणि त्यावर अंधारात चमकणारी अक्षरं असा बेत मांडला. साडेपाचला अंधार कुठून आणणार ते विचारायचं राहून गेलं. डी. वाय. पाटीलवर भर मे महिन्यातही शो झालेला आहे, १० मे २०१७ ला जस्टिन बीबर येऊन गेला. मी त्या दिवशी सायन-पनवेल हायवेवर ट्रॅफिकमध्ये उभा होतो, त्यामुळे त्याने काय घातलं होतं याची मला माहिती नाही. एवढं नक्की की त्याच्या गळ्यात कच्छी ढोल नव्हता.

हा सगळा बेत घेऊन आम्ही ताईंचा जिना चढलो. लीडर, मी, कच्छीवाला आणि काका. जिना एका माणसापुरता आहे, वर खोलीत दोन शिलाई मशिनं, एक हीट प्रेस, कागदाचे रोल, आणि पंखा असा लावलाय की वारा प्रेसवाल्या पोराला मिळावा, गिऱ्हाइकाला नाही. हे मला आवडलं. लीडरने मोबाइल काढून चित्रं दाखवायला सुरुवात केली. ताईंनी मोबाइल घेतला, उलटा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कोण काय वाजवतं?"

मी इतकी वर्षं कपडे शिवून घेतोय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माप विचारतात, रंग विचारतात, किती नग ते विचारतात. ताईंनी कच्छीवाल्याला उभं केलं आणि पट्टा कुठून जातो ते बोटाने दाखवायला सांगितलं. डाव्या खांद्यावरून, मानेच्या कडेने. मग त्या लीडरला म्हणाल्या, "इथे छपाई करून मिळेल, पण तिसऱ्या हळदीत सोलून निघेल, आणि शिलाई आली तर त्याचा खांदा सोलून निघेल." म्हणजे ड्रोनचा विषय संपला. ढोलवाल्यांच्या टी-शर्टला त्यांनी खांद्यावरची शिलाईच काढून टाकली. बाही थेट गळ्यापासून तिरकी निघते, रॅग्लन म्हणतात ती. पट्ट्याखाली सलग कापड येतं. माझ्यासाठी बाही कोपराच्या वर चार बोटं, कारण लांब बाही पॅडच्या काठाला घासते आणि काठी उचलताना अडते. काखेत आणि बाजूने जाळीचं कापड. काकांनी एवढंच सांगितलं, "मना खिसा पायजे." तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी ठेवायला. छातीवर उजवीकडे उथळ खिसा लागला, आणि त्याला चेन नाही, कारण वाजवता वाजवता पट्टी पडली की दुसरी एका हाताने काढता आली पाहिजे. कीबोर्डवाला आला नव्हता. त्याला सगळ्यांचंच माप लागू पडतं, असं ताई म्हणाल्या.

कापडाबद्दल मी ठाम होतो की उन्हाळ्यात कॉटन. इथे ताईंशी थोडी वादावादी झाली. त्यांनी दोन तुकडे काढले, एक १८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम) होजिअरी कॉटन आणि एक डॉटनिट, म्हणजे बारीक भोकांचं ते खेळाडूंचं पॉलिस्टर. दोन्हीवर पाणी टाकलं. कॉटनने ते पिऊन टाकलं आणि जड झालं. डॉटनिटवर ते पसरलं आणि पंख्याखाली धरल्यावर बघता बघता गेलं. कापूस कोरडा दिसत असतानाही वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यांचं म्हणणं असं की घरी बसायचं असेल तर कॉटनला तोड नाही, पण चार तास घाम गाळायचा असेल तर दोन तासांनी कॉटन म्हणजे अंगावरचा ओला टॉवेल. मी म्हटलं, खाडीकाठी हवाच हलत नाही तर तुमचं डॉटनिट सुकणार कसं? त्या म्हणाल्या, "म्हणून तर जाळी." आणि मग प्रामाणिकपणे, "वारा अजिबात नसेल तर काहीच चालत नाही, पंखा मागून घ्या यजमानांकडून." आता बयाना घेतानाच आम्ही पॅड आणि बेंजोच्या मागे दोन पेडेस्टल फॅन लिहून घेतो.

छपाईचं गणितही यावरूनच ठरलं. काळ्या कॉटनवर रंगीत चित्र हवं असेल तर डीटीएफ: फिल्मवर छापतात, वर गोंदाची पूड भुरभुरतात आणि तापवून चिकटवतात. दिसतं झकास. पण ती कापडावर बसलेली एक पातळ कातडीच, पाठीवर फूटभर नाव आणि वाघाचं तोंड असेल तर तेवढ्या भागातून वारा आत येत नाही. सबलिमेशनमध्ये शाई सुमारे २०० अंशांच्या प्रेसखाली वाफ होऊन धाग्यातच शिरते, बोट फिरवलं तर छपाई लागत नाही, आणि भोकं उघडी राहतात. त्याची अट अशी की कापड पॉलिस्टरचं आणि पांढरं किंवा फिकं हवं. काळा पाहिजे तर पांढऱ्या कापडावर काळा छापायचा, शिवायच्या आधी, तुकडा तुकडा. ताई तसंच करतात. बाजारातले काही जण शिवलेल्या टी-शर्टवरच प्रेस मारतात, मग घड्यांत पांढऱ्या रेघा राहतात आणि हात वर केला की काखेत दिसतात. पॅडवाल्याचे हात वरच असतात.

रंगाबद्दल त्यांचा एक सल्ला सोन्यासारखा: राखाडी आणि आकाशी घेऊ नका. घाम सर्वात जास्त त्यांच्यावर दिसतो. आम्ही गडद निळा घेतला, बाजूच्या जाळीला पिवळी पट्टी. लीडरचं गुलाबीचं समाधान आतल्या कॉलरपट्टीत केलं, जी कोणाला दिसत नाही.

पैसे: डॉटनिट, पूर्ण सबलिमेशन, जाळी आणि प्रत्येकाचं वेगळं माप धरून नगाला ३८० रुपये. साधा कॉटन राउंड नेक डीटीएफसह २६० ला होता. निम्मे आगाऊ. या कामाला हे महाग नाही. अडचण फक्त कमी नग असले की येते, दहाच्या खाली त्या घेत नाहीत.

आता तक्रारी. पहिली, आणि ही मोठी आहे: मराठी अक्षरं. डिझाइन करणारा मुलगा हुशार आहे, पण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण पाठवलेला मजकूर चिकटवला की वेलांट्या पुढच्या अक्षरावर उडी मारतात आणि रफार हवेत लटकतो. आमच्या नमुन्यावर गावाच्या नावाची अवस्था बघून काका म्हणाले, हे कुठलं गाव? दुरुस्त करून दिलं, पैसे न घेता, पण नमुना पाहिला नसता तर अख्खा गठ्ठा तसाच निघाला असता. त्यांनी छापलेला नमुना आपणहून दाखवायला हवा. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर हो म्हणू नका, रंगही तिथे वेगळाच दिसतो. स्क्रीनवरचा पिवळा कापडावर केशरीकडे झुकला होता.

दुसरी, वेळ. शुक्रवारी म्हणजे शनिवारी संध्याकाळी. आमची हळद रविवारची होती म्हणून जमलं. फोन उचलत नाहीत, थेट जावं लागतं, आणि नवी मुंबईकरांना ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पश्चिमेला बाहेर पडेपर्यंतच अर्धा घाम तिथे जातो.

तिसरी, कुर्ते आणि ब्रोकेडची जॅकेटं तिथे करू नका. लटकवून ठेवलेली आहेत, छान दिसतात, पण अस्तर स्वस्तातलं आहे आणि गळा टोचतो. जो हात टी-शर्टला लागलाय तो तिथे लागलेला नाही. ताईंना विचारलं तर त्याही फार आग्रह करत नाहीत.

आणि एक गोष्ट दुकानाची चूक नाही पण माहीत असावी: डॉटनिटला वास धरतो. कॉटनचा घाम धुतला की जातो, पॉलिस्टरचा राहतो. हळदीहून आल्यावर झोपायच्या आधी साध्या पाण्यातून काढून दोरीवर टाका. बॅगेत राहिला तर दुसऱ्या दिवशी बॅगही धुवावी लागेल, आणि घरातल्यांचं बोलणं वेगळं. हळदीचे डाग मात्र आमच्या टी-शर्टवरून सहज गेले, कुर्त्यांसारखं उन्हात तपश्चर्या करायची वेळ आली नाही.

यंदाच्या हळदींमध्ये हेच टी-शर्ट चालू आहेत. कच्छीवाल्याच्या खांद्यावर दरवर्षी मेअखेरीला काळा पट्टा उमटतो, तो या वेळी नाही. काखेची जाळी एका टी-शर्टची उसवली, ताईंनी उभ्या उभ्या घालून दिली. लीडरला अजून वाटतं की ड्रोनमध्ये आपण कोणाचीही क्रिकेट टीम दिसतो. यात तथ्य आहे. पाच हजार रुपयांच्या फोटोसाठी कपडे हवे असतील तर दुसरीकडे जा, वाजवायला हवे असतील तर इथे.

दहीहंडी-गणपतीच्या ऑर्डरी त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घेतात, नंतर गोविंदा पथकं घुसतात आणि तुमचा नंबर लागत नाही. पावसाळ्यासाठी हेच कापड घ्या, जाळी तेवढी कमी करा. जाताना पार्टीतले तिघे-चौघेच जा, जिना छोटा आहे, आणि ज्याच्या गळ्यात पट्टा असतो त्याला विसरू नका. सोबत त्याचा सर्वात जुना, खांद्यावर विरलेला टी-शर्ट न्या. ताई तो आधी बघतात.